तीन चेंडू, तीन वर्षं

पिनबॉलच्या, म्हणजे उतरत्या फळीवर चेंडू बटणांनी टोलवत ठेवायच्या खेळाच्या, टेबलावर प्रेम कसं मांडायचं, या प्रश्नात माझा मागचा पावसाळा गेला. आमच्या देवगड भागात मिरग लागला की आंब्याचा कारभार आवरतो. पेट्यांचे हिशेब मिटतात आणि ते हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला पुढचे काही महिने कोणी हाक मारत नाही. बाकीचं घर भातलावणीत असतं. मी चिखलात उतरलो की मदतीपेक्षा खोळंबाच जास्त होतो असं काकांचं मत आहे, आणि ते खोडून काढायची घाई मी कधी केलेली नाही.

टेबल म्हणजे सुताराकडून करून घ्यायचं टेबल नव्हे. ‘व्हिज्युअल पिनबॉल’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. रँडी डेव्हिस यांनी तो २००० साली आणला, पुढे त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि हौशी लोकांनी तो आजवर जिवंत ठेवला. पडद्यावर एक रिकामी फळी मिळते. तिच्यावर बंपर (चेंडू उडवून लावणारे खुंट), रॅम्प (चढाच्या वाटा), फ्लिपर (बटण दाबलं की चेंडू टोलवणाऱ्या खालच्या दांड्या), दिवे माउसनं आणून ठेवायचे, प्रत्येकाची लवचिकता, घर्षण, जोर आकड्यांत भरायचा, आणि चेंडू कशाला लागला की काय व्हायचं ते स्क्रिप्टमध्ये लिहायचं. खऱ्या यंत्रातला पोलादी चेंडू सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा असतो. प्रोग्रॅममध्ये त्याचा व्यास ५० एककं धरतात आणि बाकी सगळी मापं त्यावरून निघतात. नेहमीच्या आकाराची फळी ९५२ बाय २१६२ एककांची. उतार साडेसहा अंशांच्या आसपास. हिशेबनिसाला यात जीव रमवायला भरपूर जागा आहे.

माझ्या वयाच्या लोकांना पिनबॉल म्हटलं की विंडोज एक्सपीमधलं ‘स्पेस कॅडेट’ आठवतं. तालुक्याला एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर चहाला गेले की निम्म्या पडद्यांवर तेच चालू असायचं. पुढे व्हिस्टा आलं आणि ते गायब झालं. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर कारण सांगितलं: ६४ बिटांच्या विंडोजवर नेताना चेंडू वस्तूंमधून भुतासारखा आरपार जायला लागला, आणि तो का जातो हे त्यांना शोधता आलं नाही. कोकणात भुताच्या गोष्टींना तोटा नाही, पण ही माझी विशेष आवडती.

स्पेस कॅडेटच्या आधी होती खिळे ठोकलेली, गोट्यांनी खेळायची बॅगेटेलची फळी. पिनबॉल तिचंच पोर. माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली बॅगेटेलला स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं. फ्लिपर यायला मात्र १९४७ उजाडलं, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्टी डम्टी’ यंत्रावर. मधली पाऊणशे वर्षं चेंडू एकदा सुटला की खेळणाऱ्याच्या हाती यंत्र गदागदा हलवण्यापलीकडे काही नव्हतं. न्यूयॉर्क शहरानं १९४२ साली पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. ती उठवण्यासाठी रॉजर शार्प नावाचा पत्रकार नगरपरिषदेच्या लोकांसमोर खेळला. दट्ट्या ओढण्याआधी त्यानं चेंडू वरच्या कोणत्या गल्लीतून जाणार ते बोट दाखवून सांगितलं, आणि चेंडू तिथूनच गेला. नशीब नाही, नेम आहे, हे दाखवायला तेवढं पुरलं.

आता दुसरी बाजू, प्रेमाची. जपानमध्ये ‘डेटिंग सिम’ नावाचा, प्रेम जुळवण्याच्या व्हिडिओ खेळांचा एक प्रकार आहे. त्यातला सगळ्यांचा वडीलधारा म्हणावा असा ‘टोकिमेकी मेमोरियल’, कोनामी कंपनीनं १९९४ साली पीसी इंजिन या खेळयंत्रासाठी काढलेला. तुम्ही किरामेकी हायस्कूलचे विद्यार्थी. हाताशी तीन वर्षं. दर आठवड्याला काय करायचं ते निवडायचं: भाषा-वाङ्मय, विज्ञान, कला, खेळ, अवांतर वाचन, दिसण्याकडे लक्ष, नाहीतर नुसती विश्रांती. एक आकडा वाढवला की दुसरा थोडा उतरतो. ताण तब्येतीच्या वर गेला की आजारी पडायचं. रविवारी कुणाला तरी फोन करून भेट ठरवायची, भेटीत तीनपैकी एक उत्तर निवडायचं. शेवटच्या दिवशी शाळेच्या आवारातल्या एका जुन्या झाडाखाली काय होतं त्यावर सगळं. त्या झाडाची दंतकथा अशी की पदवीदानाच्या दिवशी तिथे मुलीनं दिलेली प्रेमाची कबुली जन्मभर टिकते.

वर्णन ऐकून माझी चुलतबहीण म्हणाली, “म्हणजे स्थळांची वही आहे ही.” तसं अगदीच नाही, पण ती का म्हणाली ते कळतं. आमच्याकडे मध्यस्थ पहिला प्रश्न विचारतो तो मुलगा मुंबईत असतो की गावात. हा आकडा कितीही व्यायाम केला तरी वाढत नाही. टोकिमेकीत निदान व्यायामाचा उपयोग होतो.

खरी गंमत त्या खेळातल्या बॉम्बमध्ये आहे. ओळख झालेल्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केलंत की तिच्या नावापुढे बॉम्बचं चित्र येतं. तेव्हाही लक्ष दिलं नाहीत तर तो फुटतो, तिच्या मैत्रिणींत बभ्रा होतो आणि सगळ्याच मुलींच्या मनातून तुम्ही थोडे थोडे उतरता. बरं, ओळखीच करायच्या नाहीत म्हटलं तर तेही जमत नाही. वाङ्मयाचा आकडा वाढला की वाचनवेडी मिओ किसारागी आपोआप भेटते, विज्ञानाचा वाढला की जग जिंकायचे बेत करणारी युइना हिमोओ हजर. म्हणजे स्वतःत सुधारणा केली की माणसं वाढतात, आणि माणसं वाढली की लक्ष पुरत नाही. वरून प्रेमाचा दिसणारा हा खेळ खरं तर लक्ष वाटून देण्याचा आहे. आणि ज्या वस्तूकडे तुम्ही बघत नाही ती तुम्हाला बुडवते, हे पिनबॉल खेळणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझं टेबल या एका साम्यावर उभं आहे. चाहत्यांची अशी टेबलं पुष्कळदा जुन्या मांडणीवर नवी चित्रं चिकटवून होतात. मला त्यात रस नव्हता.

पहिली गोष्ट आयतीच मिळाली. पिनबॉलमध्ये साधारणपणे तीन चेंडू मिळतात, हायस्कूलची वर्षं तीन. एक चेंडू, एक वर्ष. चेंडू खाली गेला की मार्च संपला. कसलेला खेळाडू एकच वर्ष लांबवत बसेल ही अडचण होतीच, पण मला ती अडचण वाटेना. काहींची अकरावी खरंच लांबते.

मग घड्याळाचा प्रश्न. बॉम्बची वात सेकंदांवर चालवणं सोपं होतं, बहुतेक टेबलांत असे प्रकार सेकंदांवरच चालतात. पण डेटिंग सिमचा जीव फुरसतीत आहे. तीन उत्तरं समोर असतात आणि तुम्ही चहा पिऊन आलात तरी पलीकडची मुलगी तशीच उभी असते. पिनबॉलमध्ये अशी फुरसत एकाच जागी मिळते: फ्लिपर वर धरून ठेवला की चेंडू त्याच्या कुशीत येऊन थांबतो. तेवढाच काय तो विचाराला वेळ. म्हणून माझ्या टेबलात वात सेकंदांवर जळत नाही, चेंडू वस्तूंना किती वेळा लागला त्यावर जळते. चेंडू अडवून धरलात तर जग थांबतं. बंपरांच्या गर्दीत घुसवलात तर गुण भराभर मिळतात, पण प्रत्येक टोल्यागणिक ताण वाढतो आणि वातही पुढे सरकते. ताण तब्येतीच्या वर गेला की फ्लिपरचा जोर स्क्रिप्टमधून कमी होतो. आजारी माणसानं जेवढ्या जोरानं चेंडू मारावा तेवढाच.

मुलींच्या जागा ठरवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजाही आली. पोहणारी नोझोमी कियोकावा म्हणजे ऑर्बिट, फळीला वरून वळसा घालून परत येणारी लांब वाट. तिच्यासाठी लागोपाठ फेऱ्या माराव्या लागतात. हिमोओच्या कोपऱ्यात फळीखाली चुंबक आहे. हे मी बॅलीच्या १९९२ सालच्या ‘द ॲडम्स फॅमिली’वरून उचललं, पॅट लॉलर यांच्या त्या यंत्रात फळीखालचे चुंबक चेंडूला भलतीकडेच नेतात, आणि त्याच्या वीस हजारांहून अधिक प्रती खपल्या. जग जिंकू पाहणाऱ्या मुलीनं माझा चेंडू पळवावा हे मला योग्यच वाटतं. मिओचं टार्गेट उलट स्वभावाचं. चेंडू जोरात आला तर ते नोंदच घेत नाही. स्क्रिप्ट चेंडूचा वेग वाचतं आणि हळूच टेकला तरच दिवा लागतो. आयुष्यभर जोरात मारायला शिकलेल्या खेळाडूंची तिथे फार चिडचिड होते.

शिओरी फुजिसाकी मात्र नायिका. लहानपणापासूनची मैत्रीण, शेजारच्याच घरात राहणारी आणि मिळायला सगळ्यात अवघड, कारण तिला सगळेच आकडे वर लागतात. अवघड लक्ष्य म्हणजे फळीच्या दूरच्या टोकाला, हा नेहमीचा रिवाज. मी तिला उजव्या फ्लिपरच्या अगदी जवळ ठेवलं, इतकं जवळ की सरळ मारताच येत नाही. चेंडू फ्लिपरच्या मुळाशी असताना मनगट आखडून उलटा फटका द्यावा लागतो. हाकेच्या अंतरावर आहे आणि नेम बसत नाही. गावात वाढलेल्यांना हे जास्त सांगायला नको.

संवादांचं काय करायचं हे बरेच दिवस सुटत नव्हतं. सिममध्ये शब्द न् शब्द लिहिलेला असतो. पिनबॉलला शब्द वाचायला सवड नसते. मार्ग सुचला तो जत्रेत ऐकलेल्या दशावतारावरून. तिथे संहिता नसते. आज कोणतं आख्यान, कोण कुणाला मारणार, कुणाचं लग्न लागणार एवढं आतल्या बाजूला ठरतं, आणि बोलणं रंगमंचावर ज्याचं त्याला सुचतं. मीही कथेचा सांगाडा ठेवला आणि बोलणं काढून टाकलं. भेटीत तीन वाटा उजळतात: डावी ऑर्बिट, रॅम्प, उजवी ऑर्बिट. तीन वाटा, तीन उत्तरं. कुणाला कोणतं उत्तर आवडतं ते तुम्ही तिच्याशी आधी कसे खेळलात त्यावरून ओळखायचं. अगदीच अडलं तर स्पिनर, म्हणजे चेंडू लागला की गरगर फिरणारी पट्टी, आहे. तो फिरवला की खेळातला मित्र योशिओ साओतोमे वहीत बघून सांगतो, कोण रागावलंय आणि कुणाचा फोन नंबर काय.

आवाजाचं काम पावसानं करू दिलं नाही. कौलांवर आषाढाचा पाऊस पडत असताना हेडफोन लावले तरी घंटा आणि बंपर यांतला फरक कळत नव्हता, आणि वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी वाचवायला आवाज बंदच ठेवावा लागायचा. त्यामुळे सगळी भिस्त दिव्यांवर. बॉम्बचा दिवा आधी पिवळा, मग लाल, मग त्याची लुकलुक जलद. ऐकूच आलं नाही तरी टेबल वाचता आलं पाहिजे, हा नियम परिस्थितीनं घालून दिला आणि पुढे ऊन पडल्यावरही मी तो बदलला नाही.

स्क्रिप्टबद्दल एक कटकट नोंदवून ठेवतो. व्हिज्युअल पिनबॉलची भाषा व्हीबीस्क्रिप्ट, आणि ती विंडोजमधून टप्प्याटप्प्यानं काढणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनं २०२३ साली जाहीर केलं. हौशी मंडळींनी विंडोजशिवाय चालणारी आवृत्ती केली आहे, लिनक्सवर आणि फोनवरही चालते, तेव्हा टेबलं मरणार नाहीत. तरी मावळत्या भाषेत प्रेमाचे हिशेब लिहिताना जरा विचित्र वाटतंच.

चतुर्थीला घर भरलं आणि टेबलाला खरे खेळाडू मिळाले. आरत्या झाल्या, भजनाची मंडळी पुढच्या घरी गेली की मुलं लॅपटॉपभोवती. मुलं जशी खेळतात तशीच खेळली, म्हणजे बंपर बडवत. काकी मोदकांच्या परातीवर फडकं टाकून मागे येऊन उभी राहिली. तिनं जन्मात पिनबॉल बघितलेला नाही. थोडा वेळ बघून म्हणाली, “अरे, त्या कोपऱ्यातल्या चेडवाक कोण बघीत नाय. त्याका राग येतलोच!” आणि मिओचा बॉम्ब फुटला. खेळणाऱ्यांचे डोळे चेंडूवर होते, तिचे फळीवर. इतकी वर्षं एवढं मोठं एकत्र घर सांभाळणाऱ्या बाईला कोपऱ्यातलं कोण रुसलंय ते आधी दिसावं, यात नवल काही नाही. टेबल दिव्यांवरून वाचता येतं याचा इतका पक्का पुरावा मला दुसरा मिळाला नसता.

चुलतबहिणीचं मत वेगळं. ती मुंबईला चित्रं काढायचं काम करते, त्यामुळे बॅकग्लास, म्हणजे यंत्राच्या उभ्या भागावरचं चित्र, तिच्याकडून काढून घ्यायचा माझा डाव होता. खेळाची मूळ चित्रं आणि संगीत कोनामीचं. ते उचलायचं नाही आणि टेबल विकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तिनं पिनबॉल यंत्रांची जुनी चित्रं बघितली आणि वैतागली. पिढ्यान् पिढ्या काचेवर बायका रंगवल्यात आणि खाली पुरुष बटणं दाबतायत. १९९१ सालच्या ‘ब्राइड ऑफ पिन-बॉट’मध्ये तर चेंडू मारून मारून यंत्राची बाई करायची. “तुझ्यात तरी काय वेगळं आहे दादा? सगळ्या फोनची वाटच बघत बसल्यात.”

तिला मी शेवट दाखवला.

टोकिमेकीच्या शेवटी मुलगा काहीच करत नाही. पदवीदानाच्या दिवशी त्याच्या बाकात चिठ्ठी सापडते, तो झाडाखाली जातो आणि बोलते ती मुलगी. किंवा चिठ्ठी सापडतच नाही. तीन वर्षं वाढवलेले आकडे त्या क्षणी निरुपयोगी असतात. पिनबॉलचा रिवाज याच्या बरोबर उलट: शेवटच्या टप्प्यात सगळे दिवे पेटतात, चार-पाच चेंडू सुटतात आणि खेळाडू बेभान मारत सुटतो. माझ्या टेबलात तिसऱ्या चेंडूवर शेवटचा टप्पा लागला की फ्लिपर बंद पडतात. बटणं दाबा, काही हलत नाही. चेंडू वरच्या झाडाखालून सुटतो आणि साडेसहा अंशांच्या उतारावरून आपल्या गतीनं खाली येतो. यंत्र हलवलंत तर टिल्ट, म्हणजे चेंडू बाद. दोन फ्लिपरांच्या मधल्या फटीकडे तो जातो, म्हणजे एरवी जिथे खेळ संपतो तिथेच. तीन वर्षं कुणाकडे नीट लक्ष दिलं असेल तर अगदी शेवटी फटीतून एक छोटा खांब वर येतो आणि चेंडू त्याला टेकून थांबतो. असा खांब काही जुन्या यंत्रांत असायचा, कल्पना माझी नाही. नसेल दिलं, तर चेंडू खाली जातो आणि गुणांची बेरीज दिसते. कितीही मोठी असली तरी त्या वेळी ती बघवत नाही.

बहिणीनं ते दोनदा चालवून बघितलं. एकदा खांब आला, एकदा नाही. मग विचारलं, मुलींसाठी असा खेळ नाही का? आहे. ‘गर्ल्स साइड’, कोनामीचाच, २००२ साली प्लेस्टेशन २ वर आला. त्यात खेळणारी मुलगी आहे, झाडाऐवजी शाळेच्या आवारातलं चर्च आहे, आणि शेवटी बोलायला येतो तो मुलगा.

“म्हणजे तिथेही खेळणारीनं थांबायचंच?”

हो म्हटलं. त्यावर तिनं अट घातली: बॅकग्लास काढून देते, पण दुसरं टेबलही करायचं, मुलीचं, आणि त्यात शेवटच्या चेंडूला फ्लिपर चालू ठेवायचे. स्क्रिप्टमध्ये ही एका ओळीची दुरुस्ती आहे. पण फ्लिपर चालू राहिले तर तो खांब कशासाठी वर येणार, ते आम्हा दोघांनाही अजून सुचलेलं नाही. ती म्हणते खांब काढून टाक. मी म्हणतो आधी चित्र पाठव.